अन्यकृत पाहणी आणि मूल्यांकनकाराचे दायित्व : प्रस्तावना

स्थावर मालमत्तेचे मूल्य ठरविणे हे वरकरणी गणिताचे काम वाटते. तथापि त्या गणितात घातले जाणारे आकडे ज्या पाहणीतून येतात ती पाहणी कोणी केली, कोणत्या ऋतूत केली, कोणाच्या सांगण्यावरून केली आणि करताना काय पाहावयाचे राहून गेले, हे कळल्यावाचून त्या मूल्याची शहानिशा होऊच शकत नाही. जमीन गहाण घेणारी बँक, रस्त्यासाठी वा धरणासाठी ती संपादन करणारे शासन, वाटणीचा दावा चालविणारे दिवाणी न्यायालय आणि दिवाळ्यात निघालेल्या कारखान्याची मत्ता विकावयास बसलेला अवसायक ही सर्व मंडळी मूल्यांकनकाराच्या अहवालावर आपला निर्णय उभा करतात. पण तो अहवाल ज्याच्या सहीशिक्क्याने त्यांच्या हाती पडतो, तो इसम त्या जागी स्वतः गेलेला असतोच असे नाही. कधी त्याच्या कचेरीतील उमेदवार अभियंता छायाचित्रे काढून आणतो, कधी भूमी अभिलेख खात्याच्या संयुक्त मोजणीचा तक्ता पुढे ठेवला जातो, कधी कृषी सहायकाने केलेली झाडांची मोजदाद जशीच्या तशी उतरवून घेतली जाते, आणि अलीकडे आकाशातून ड्रोनने टिपलेली प्रतिमाही पाहणी म्हणून दप्तरी दाखल होते. अशा अन्यकृत पाहणीवर मूल्यांकनकाराने विसंबावे काय, आणि विसंबावयाचे तर कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

हा विषय जालना जिल्ह्याच्या भूमीवर उभा करून मांडण्यात संपादकांनी मोठे औचित्य साधले आहे. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्यांना परभणीकडील परतूरची जोड देऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, आणि आज त्याच्या आठ तालुक्यांत स्थावर मालमत्तेचे इतके विविध प्रकार एकत्र नांदतात की मूल्यांकनाचे सारे शास्त्र येथे एका दिवसाच्या प्रवासात अभ्यासता यावे. दक्षिणेस गोदाकाठची खोल काळी, उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडील मुरमाड व खडकाळ रान, जालना-अंबड-घनसावंगीच्या मोसंबीच्या बागा, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापिलेल्या महिकोपासून वाढत गेलेल्या बियाणे उद्योगाची गोदामे व शीतगृहे, आणि शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतील लोखंडी सळईचे कारखाने या प्रत्येकाची पाहणी करणारा डोळा निराळा लागतो. सगळ्यांना पुरून उरेल असा एकच डोळा कोणापाशीही नसतो. म्हणून प्रत्येक वेळी स्वतः पाहीन असा हट्ट धरणारा मूल्यांकनकारही कोठे तरी दुसऱ्याच्या ज्ञानाचा आश्रय घेतोच, आणि प्रश्नाचे खरे स्वरूप येथूनच दिसू लागते.

मोसंबीच्या बागेचेच उदाहरण घेऊ. बागेत झाडे किती आणि त्यांचे वय काय, एवढे दोन आकडे नोंदवून परतणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्याची पाहणी अपुरी असते. कारण बुंध्याशी डिंक्या लागला आहे काय, शेंडेमर किती झाडांना जाणवते, कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे, खाली चुनखडीचा थर किती खोलीवर लागतो आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी कोठवर टिकते, यांवर त्या बागेचे उरलेले उत्पादक आयुष्य अवलंबून असते. आंब्या बहारासाठी बागाईतदार डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडून तिला ताण देतो, तेव्हा पाने मलूल होऊन गळू लागतात. बागेचा व्यवहार ठाऊक नसलेला पाहणारा त्या दिवसांत गेला, तर निरोगी बाग वाळत चालली आहे अशी नोंद करून येईल, आणि त्या एका नोंदीने धन्याचा मोबदला कित्येक वर्षांच्या उत्पन्नाइतका घटेल. उलट ऑक्टोबरात काढलेले तुडुंब विहिरीचे छायाचित्र एप्रिलातील कोरड्या तळाविषयी काहीच सांगत नाही. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील बागांवर जी आपत्ती ओढवली, ती ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांस विहिरीच्या पाण्याचा ऋतू न लिहिता केलेली पाहणी किती पोकळ असते हे सांगावयास नको.

गावठाणातील घरांचीही तीच गत आहे. माळवदाचे जुने घर बाहेरून मातीचा ढिगारा दिसते, पण त्याचे खण आत जाऊन मोजले, सर व तुळया सागवानी आहेत की बाभळीच्या हे पाहिले आणि त्यांना वाळवी लागली आहे किंवा नाही याची ठोकून खातरजमा केली, म्हणजे त्या मातीखाली दडलेल्या लाकडाचे मोल कळते. आणि काळ्या जमिनीवर पुरेशा खोल पायाविना उभारलेले सिमेंटचे नवे घर रस्त्यावरून देखणे दिसले, तरी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा आत शिरल्याविना दिसत नाहीत.

दुसऱ्याकरवी पाहणी करून घेण्याची रीत आजची नव्हे; राज्य आणि जमीन यांचा संबंध जितका जुना, तितकीच तीही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात समाहर्त्याच्या हाताखालील गोप पाच किंवा दहा गावांची शेते, घरे व कुळे यांची नोंद ठेवतो. पण त्याच व्यवस्थेत गृहस्थाच्या वेषातील हेर गावात राहून ती नोंद खरी आहे काय याचा स्वतंत्रपणे पडताळा घेतात, आणि नोंद करणारा व पडताळणारा हे दोघे वेगळे असावेत ही दृष्टी त्या प्राचीन योजनेतच स्पष्ट दिसते. आपल्या या मुलखापुरते बोलावयाचे तर, खडकीस राजधानी करणाऱ्या मलिक अंबरच्या जमाबंदीची आठवण दख्खनच्या महसुली परंपरेत टिकून राहिली. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने कोठे नांगरावर, कोठे बटाईने, तर कोठे प्रत्यक्ष मोजणीने सारा ठरविण्याची पद्धत घातली. मराठी अंमलात जमिनीची अव्वल, दूम आणि सीम अशी प्रत लावली जाई. तीत गावच्या वतनदारांची साक्ष आणि सरकारी कारकुनाची नजर अशा दोन्हींचा मिलाफ असे.

तथापि आपल्या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश पाडणारा प्रसंग इंग्रजी अंमलाच्या आरंभी पुणे प्रांतात घडला. १८२७-२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसविण्याची अत्यंत सूक्ष्म योजना आखली. तिच्यामागील अर्थशास्त्रीय विचार त्या काळच्या मानाने प्रगत होता, परंतु शेतात जाऊन मोजणी व प्रतबंदी करणारे हाताखालचे लोक काय लिहून आणतात याची पुरेशी तपासणी झाली नाही, लाचलुचपतीने प्रती खालीवर झाल्या, आणि भाव पडल्याच्या त्या दिवसांत चुकीच्या पाहणीवर उभा राहिलेला सारा इंदापूरसारख्या तालुक्यात रयतेस असह्य होऊन गावे ओसाड पडू लागली. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेच काम नव्याने हाती घेतले, तेव्हा त्यांनीही मोजणीदार आणि प्रतबंदी करणारे कारकून नेमलेच, कारण हजारो शेते एकट्याने पाहणे कोणालाही शक्य नव्हते. फरक एवढाच की जमिनीच्या खोलीचे व दोषांचे प्रमाण त्यांनी आण्यांच्या भाषेत सर्वांसाठी एकसारखे बांधून दिले आणि कारकुनाने पाहिलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः जाऊन पुन्हा पाहावीत असा शिरस्ता घातला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत स्थिर झाली, आणि त्याच शतकाच्या अखेरच्या चरणात निजामाच्या मुलखातही मुंबईच्या धर्तीवर सर्व्हे होऊन जालन्याकडील शेते त्या मापात बसली. प्रिंगलनेही दुसऱ्यांवर विसंबून काम केले आणि विंगेटनेही. एकाचे काम बुडाले व दुसऱ्याचे दीर्घकाळ टिकले, याचे एक प्रमुख कारण पडताळ्यात आहे असे मी मानतो.

मूल्यांकनाचा स्वतंत्र व्यवसाय मात्र फार पुढे उदयास आला. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाने मोबदल्याचे वाद न्यायालयात नेले. १९१४ साली मुंबई सरकारने सल्लागार सर्वेक्षकाची जागा निर्माण केली आणि त्या जागेवर आलेल्या मिरॅम्स यांच्या कचेरीतूनच आजचा नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग वाढला. १९५७ च्या संपत्ती कर अधिनियमात १९७२ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत मूल्यांकनकाराची तरतूद आली. तत्पूर्वी १९६८ मध्ये मूल्यांकनकारांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली होती. जानेवारी २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मूल्यांकनाचे धोरण संचालक मंडळाकडून मंजूर करून घेण्यास, मूल्यांकनकारांची यादी ठेवण्यास आणि ५० कोटी रुपये व त्यावरील मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घेण्यास सांगितले. शेवटी २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम २४७ खालील २०१७ च्या नियमांनी आपल्या प्रश्नाला थेट हात घातला : नोंदणीकृत मूल्यांकनकाराने दुसऱ्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून माहिती घेतली तरी चालेल, पण तिचा संपूर्ण तपशील अहवालात उघड केला पाहिजे, आणि अंतिम मूल्याचे दायित्व मात्र मूळ मूल्यांकनकाराचेच राहील. हा नियम कंपनी अधिनियमाखालील मूल्यांकनापुरता असला, तरी त्यातील न्याय व्यापक आहे.

या प्रश्नाविषयी व्यवसायात आज तीन मतप्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह स्वपाहणीचा. जो सही करतो त्याने जागेवर गेलेच पाहिजे, असे या पक्षाचे म्हणणे, आणि त्याच्या पाठीशी न्यायालयांचा अनुभव उभा आहे. इंग्लंडमध्ये स्मिथ विरुद्ध बुश या प्रकरणात घरातील धुराड्याचा खालचा भाग काढून टाकलेला असताना वरचा भाग आधाराविना राहिला आहे काय, हे सर्वेक्षकाने पाहिले नाही आणि पुढे तो भाग कोसळला. ती पाहणी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून झालेली असूनही, तिच्यावर विसंबून घर घेणाऱ्या सामान्य स्त्रीला सर्वेक्षक उत्तरदायी आहे, असा निर्णय १९८९ साली तेथील उमराव सभेने दिला. पाहणीचे फळ ती मागविणाऱ्यापाशी थांबत नाही, ही या निर्णयाची शिकवण जालन्यातल्या गृहकर्जदारासही तितकीच लागू पडण्यासारखी आहे.

दुसरा प्रवाह श्रमविभागाचा. वैद्य रक्त स्वतः तपासत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल वाचून निदान करतो, तसेच मूल्यांकनकाराने का करू नये, असा त्याचा सवाल आहे. आणि तो सहजी टाळता येण्यासारखा नाही. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाचे कलम २९ हेच तत्त्व स्वीकारते : इमारतींसाठी जाणकार अभियंता, झाडांसाठी कृषी, वन वा फलोद्यान यांतील अनुभवी माणूस, आणि उभ्या पिकांसाठी शेतीतील तज्ज्ञ यांचे साहाय्य जिल्हाधिकाऱ्यास घेता येते. सागाच्या गोलाईवरून इमारती लाकूड किती निघेल हे वनखात्याच्या माणसाइतके अभियंत्यास कळणार नाही, आणि सळईच्या कारखान्यातील भट्टीचे उरलेले आयुष्य जमिनीच्या मूल्यांकनकाराने ठरवू पाहणे हे तर साहसच ठरेल.

तिसरा प्रवाह आधारसामग्रीचा. पुरेसे व्यवहार, पुरेशा प्रतिमा आणि पुरेसे संगणन हाती असेल तर जागेवर जाण्याची आवश्यकताच उरत नाही, असे हा पक्ष मानतो. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे घरात न शिरता केलेली मूल्यांकने गृहकर्जासाठी तात्पुरती मान्य झाली, आणि २०२२ पासून कचेरीत बसून केलेले मूल्यांकन ठरावीक प्रकरणी कायमचे ग्राह्य झाले. मात्र तेथील व्यावसायिक मानकांनी मूल्यांकनकारावर एक बंधन ठेवले आहे की, त्याने स्वतः पाहणी केली किंवा नाही हे प्रमाणपत्रात स्वच्छ लिहावे. आपल्याकडे खरेदीखतांवर खऱ्या किमती पुष्कळदा उतरत नाहीत, आणि एकाच गटातील दोन तुकड्यांत विहिरीमुळे वा वाटेमुळे आकाशपाताळाचे अंतर पडते. अशा मुलखात केवळ आकड्यांवर विसंबणारे मूल्यांकन गावोगावच्या जमिनीला न्याय देऊ शकेल असे मला वाटत नाही.

हा ग्रंथ आजच का हवा, याची कारणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरच दिसतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग बदनापूर व जालना तालुक्यांतून गेला. त्यापूर्वी निम्न दुधना प्रकल्पाच्या जलाशयाखाली परतूर-मंठ्याकडील जमिनी गेल्या. आणि आता जालन्यापासून नांदेडकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या भूसंपादनाने पुन्हा तेच प्रश्न उभे केले आहेत. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतकरी हजर नसला, किंवा हजर असूनही त्याने सही करताना झाडांचा व जलवाहिनीचा तपशील वाचला नाही, तर ती नोंद पुढील प्रत्येक कागदावर पुनरावृत्त होत जाते, आणि प्रत्येक पुनरावृत्तीसरशी तिच्या अंगी अकारण अधिकार येत जातो. दुसरीकडे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह करतो आणि तलाठी त्यांतील काही नोंदी पडताळतो. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. या दोन्ही गोष्टींचा मी पुरस्कर्ता आहे. परंतु सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आणि मालमत्ता पत्रकावरची हद्द ज्या हेतूने केली गेली, त्या हेतूपलीकडे तिला ताणून तिच्यातून मूल्य काढू लागल्यास, त्या नोंदीवर आणि धन्यावर सारखाच अन्याय होईल.

यात बँकांच्या घाईची भर पडली आहे. दूरच्या शहरातील कचेरीतून मूल्यांकनाचा हुकूम सुटतो, दोन दिवसांत अहवाल हवा असतो, शुल्क अल्प असते, आणि जाफराबादपासून मंठ्यापर्यंतचे अंतर काही त्या शुल्कात बसत नाही; तेव्हा एखादा तरुण उमेदवार दुचाकीवर जाऊन चतुःसीमा विचारून येतो, आणि त्या चतुःसीमा बहुधा त्याला कर्जदारच सांगतो. त्या उमेदवारास दोष देणे मला गैर वाटते. काय पाहावयाचे हे त्याला कोणी शिकविलेले नसते, आणि अहवालात त्याचे नावही येत नाही.

माझे स्वतःचे मत येथे स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. अन्यकृत पाहणी वर्ज्य मानता येणार नाही. पण ती साक्षीदाराच्या जबानीसारखी वागविली पाहिजे. साक्षीदार कोण, त्याला त्या विषयाचे ज्ञान किती, त्याचा या व्यवहारात हितसंबंध काय, त्याला नेमके काय पाहावयास सांगितले होते आणि तो कोणत्या दिवशी तेथे होता, हे नोंदविल्याविना त्याची जबानी अहवालात घेऊ नये. मूल्य ज्या बाबींवर वरखाली होते, म्हणजे बागेत झाडांची प्रकृती व पाणी, गावठाणात इमारतीचे अंतरंग, शहरालगत जागेस असलेली वाट व ताबा, त्या बाबी मूल्यांकनकाराने स्वतः पाहाव्यात. उरलेल्या बाबी दुसऱ्याकडून घेतल्या तरी त्यांतील काही जागेवर जाऊन पडताळाव्यात, आणि जे पडताळले नाही ते पडताळले नाही असे लिहावे. चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यासाठी वापरलेली सामग्री न्यायालयापुढे सादर होऊन शाबीत झाल्याशिवाय न्यायालयास ती आधारभूत धरता येत नाही. मूल्यांकनकाराने हाच दंडक आपल्या मेजावर स्वतःला लावावा. उलटतपासणीत वकिलाने ‘हे तुम्ही पाहिलेत काय?’ असे विचारल्यावर ज्या विधानापाशी त्याला थांबावे लागेल, ते विधान तेवढ्याच सावधपणे अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

प्रस्तुत ग्रंथात मूल्यांकनकारांबरोबर महसूल व भूमी अभिलेख खात्यांत आयुष्य घालविलेले कर्मचारी, फलोद्यानतज्ज्ञ, वकील आणि जमीन गेलेले शेतकरी यांचे लेख एकत्र आणले आहेत, आणि त्यांची मते एकमेकांशी जुळावीत असा आग्रह संपादकांनी धरलेला नाही, हे मला विशेष वाटते. इतिहास, कायदा आणि शेतातील व्यवहार या तीन अंगांनी विषयाकडे पाहताना ग्रंथाने सूत्रांपेक्षा प्रकरणांवर भर दिला आहे. भाडेपट्टीच्या गुणकांचे वा घसाऱ्याच्या कोष्टकांचे विवेचन अन्यत्र विपुल मिळते, म्हणून ते येथे बेतानेच आले आहे. यंत्रसामग्रीच्या मूल्यांकनाचा परामर्श त्रोटक आहे, आणि जालन्यासारख्या कारखानदारीच्या गावी त्यावर स्वतंत्र ग्रंथाची गरज आहे, हेही नमूद केले पाहिजे.

हे पुस्तक नव्याने या व्यवसायात येणाऱ्या अभियंत्याने वाचावे, बँकेच्या कर्जविभागाने वाचावे, तलाठ्याने आणि कृषी सहायकाने वाचावे. पण सर्वांत अधिक, ज्याच्या मालमत्तेचे मूल्य दुसरा कोणी ठरविणार आहे अशा शेतकऱ्याने वाचावे, कारण पाहणीच्या दिवशी शेतात हजर राहून झाडे, विहीर, जलवाहिनी व बांध यांची नोंद आपल्या देखत करून घेणे आणि तिची प्रत मागणे हा त्याचा सर्वांत परिणामकारक बचाव आहे. पाहणी कोणी केली, कोणत्या तारखेस केली आणि सही करणाऱ्याने तीतील काय स्वतः पडताळले, या तीन गोष्टी प्रत्येक मूल्यांकन अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिण्याची चाल या ग्रंथामुळे जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यात जरी रूढ झाली, तरी संपादकांचे आणि लेखकांचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.